'किंवा' नावाचा बग

पावसाळ्यातला शनिवार जवळ आला की आमच्या ऑफिसमध्ये एकच विषय असतो. लोणावळा. भुशी डॅम, टायगर पॉईंट, भाजलेलं कणीस, येताना चिक्कीचे दोन बॉक्स. मीही जातो, नाही असं नाही. पण गेली दोन वर्षं मी बहुतेक वेळा अलीकडेच, कामशेतला उतरतो. तिथून आत नाणे मावळात माझी थोरली ताई राहते. दाजी तळेगाव एमआयडीसीत शिफ्टला जातात, थोडी भातशेती आहे, आणि एक अकरा वर्षांचा मुलगा. म्हणजे आमचे भाचेबुवा.

भाचेबुवांना सेरेब्रल पाल्सी आहे. पाय साथ देत नाहीत, उजवा हात थोडा कडक आहे, बोलणं सावकाश पण स्पष्ट. डोकं मात्र माझ्यापेक्षा बरं चालतं. मागच्या वेळी मला विचारतो, "मामा, कॉम्प्युटरला एखाद्या आकड्याला शून्याने भागायला सांगितलं तर तो काय करतो?" अकरा वर्षांच्या मुलाने स्वतःहून हा प्रश्न विचारावा, याचं मला किती कौतुक वाटलं ते माझ्या धंद्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

तर हा मुलगा चौथीपर्यंत गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकला. शाळा घरापासून पाच-सातशे मीटरवर. ताईने त्याला रोज कडेवर नेलं. अकरा किलोचा होता तेव्हापासून अठ्ठावीस किलोचा होईपर्यंत. पावसाळ्यात एका हाताने छत्री, दुसऱ्या हातावर पोरगं आणि पायाखाली चिखल. लोणावळ्याच्या पट्ट्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि शाळा सुरू होते बरोब्बर जूनच्या मध्याला. आपण ज्या पावसासाठी तिकडे धावतो तोच हा पाऊस.

पाचवीची शाळा सहा किलोमीटरवर. बाकीची मुलं व्हॅनने जातात. ताईने व्हॅनवाल्या काकांना विचारलं. ते म्हणाले, "ताई, खुर्ची कुठं ठिवू? आन् चढवनार कोन? पोरगं पडलं-बिडलं तर माज्या गळ्यात यायचं." खरं सांगतो, त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. एकटा माणूस, दाटीवाटीने भरलेली गाडी, मदतीला कोणी नाही.

मग ताई शाळेत गेली. मुख्याध्यापक सर भले माणूस. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, "नाव पटावर राहील. विशेष शिक्षक अधूनमधून घरी येऊन जातील. परीक्षेला तेवढं घेऊन या. हजेरीची काळजी करू नका." वर्षाचा प्रवास भत्ता मिळेल असंही सांगितलं. तो मिळालाही. एका महिन्याच्या रिक्षालाही पुरला नसता एवढा.

ताई त्या दिवशी खूश होती. शाळेने नाही म्हटलं नाही, हेच तिला पुष्कळ वाटलं. भाचेबुवांनी मात्र चार दिवसांनी विचारलं, "मी पाचवीत आहे ना? मग पाचवी कुठंय?"

या प्रश्नाचं उत्तर शोधायला बसलो आणि दोन शनिवार-रविवार कायदे वाचण्यात गेले. त्यातून जे समजलं ते इथे लिहितोय. मी वकील नाही. पण दुसऱ्याने लिहिलेलं वाचून त्यात बग कुठे आहे ते शोधायचं, याचाच मला पगार मिळतो.

१९९५ साली आपल्याकडे पहिला अपंग व्यक्ती कायदा झाला. त्याच्या कलम ३० मध्ये शाळेच्या वाहतुकीचा उल्लेख आहे. सरकारने अशी योजना करावी की अपंग मुलांना वाहतुकीची सोय मिळेल, किंवा त्याऐवजी पालकांना पैशाची मदत मिळेल.

हा 'किंवा' नीट बघा. आपल्यातल्या कोणीही कोड लिहिला असेल तर त्याला माहीत आहे की 'अ किंवा ब' अशी अट असली आणि 'ब' स्वस्त असलं, तर 'अ' कधीच चालणार नाही. गाडी घ्यायची तर टेंडर, ड्रायव्हर, डिझेल, विमा, मदतनीस, रूट. भत्ता द्यायचा तर एक यादी आणि बँक खातं. कुठल्याही कार्यालयाने काय निवडलं असतं?

पुढे २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या कलम १६ च्या आठव्या उपकलमात लिहिलंय की दिव्यांग मुलांना वाहतुकीची सोय पुरवायची, आणि ज्यांना जास्त आधाराची गरज आहे त्यांच्या मदतनिसालाही पुरवायची. इथे 'किंवा' नाही. 'त्याऐवजी पैसे' नाही. संसदेने तो बग फिक्स केला, असं म्हणायला हरकत नाही.

पण फिक्स मावळात पोचलाच नाही! २०१७ नंतर इतकी वर्षं झाली, तरी ताईच्या हातात पडला तो भत्ताच. कायदा बदलला, कार्यालयाची सवय तीच राहिली.

बरं, हे भत्त्याचं गणितही करून बघा. २०१८ मध्ये समग्र शिक्षा योजना आली तेव्हा विशेष गरजा असलेल्या प्रत्येक मुलामागे वर्षाला ३५०० रुपये ठरवले गेले. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला वर्षाचे २२० दिवस धरलेत. भागाकार केला तर दिवसाला सोळा रुपयेसुद्धा येत नाहीत. आणि हे फक्त प्रवासाचे नाहीत. उपकरणं, शिबिरं, साहित्य, भत्ते, सगळं त्यातूनच. सहा किलोमीटर जायला आणि सहा किलोमीटर यायला रिक्षावाला किती घेईल ते तुम्हीच सांगा. म्हणजे आपण पालकांना पैसे देतो, असं म्हणायची सोय तेवढी आहे. प्रवास त्यातून होत नाही.

एसटीचंही तेच. अपंग प्रवाशाला तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, अपंगत्व जास्त असेल तर साथीदारालाही ५० टक्के. चांगली गोष्ट आहे, नाकारत नाही. पण माझ्या भाच्याला अडवतात त्या बसच्या उंच पायऱ्या, तिकीट नव्हे. पायऱ्यांना सवलत कुठली?

आता दुसरा घोळ. कलम १६ चा मथळा आहे 'शैक्षणिक संस्थांचे कर्तव्य'. वाक्य मात्र सुरू होतं शासन आणि स्थानिक प्राधिकरणांपासून. त्यांनी प्रयत्न करायचा की त्यांच्या पैशावर किंवा मान्यतेवर चालणाऱ्या सगळ्या शाळा समावेशक शिक्षण देतील, आणि त्यासाठी पुढची यादी. मथळ्यात शाळा, वाक्यात सरकार, आणि क्रियापद काय तर 'प्रयत्न करतील'.

आमच्या क्षेत्रात १९९७ सालचा एक चिमुकला दस्तऐवज आहे, आरएफसी २११९. इंटरनेटचे नियम लिहिताना 'मस्ट', 'शुड' आणि 'मे' या तीन शब्दांचा नेमका अर्थ काय, एवढंच त्यात सांगितलंय. का सांगावं लागलं? कारण 'करायलाच पाहिजे' आणि 'केलं तर बरं' यातला फरक ठरवला नाही तर दोन कॉम्प्युटर एकमेकांशी बोलूच शकत नाहीत. आमच्याकडे शाळा म्हणते हे जिल्हा परिषदेचं काम. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात म्हणतात भत्ता दिलाय. विशेष शाळा असती तर विषय दिव्यांग कल्याण विभागाचा झाला असता, साध्या शाळेतल्या मुलाचा विषय शिक्षण खात्याचा. गाडीची उंची आणि रॅम्प म्हटलं की परिवहन. तिकिटाला ओनर नसेल तर ते बंद कसं होणार? ते एका रांगेतून दुसऱ्या रांगेत फिरत राहतं, आणि मुलगा घरी.

सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात याच फरकावर बोट ठेवलं. त्या खटल्याचा विषय इमारती आणि वाहतूक सुगम्य करण्याचा होता. कायदा सक्तीची भाषा बोलतो आणि त्याखालचा नियम मात्र नुसत्या शिफारशींची, हे चालणार नाही असं सांगून न्यायालयाने तो नियम रद्द ठरवला आणि किमान सक्तीच्या अटी बनवायला सांगितल्या. शाळेच्या गाडीलाही मला तेवढंच हवंय. 'केलं तर बरं'चं 'करायलाच पाहिजे'.

आता घरी येऊन शिकवण्याबद्दल. २०१२ साली शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ ऑगस्टपासून बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिक्षण घेण्याचा पर्याय मिळाला. पर्याय कोणाचा? मुलाचा. ज्याची तब्येत खरंच बाहेर पडू देत नाही त्याच्यासाठी ही मोठी सोय आहे. पण गाडी नाही म्हणून मुलाला घरी बसवायचं आणि त्याला 'गृहाधारित' म्हणायचं, हा त्या तरतुदीचा गैरवापर आहे. भाचेबुवांनी काही निवडलेलं नाही. त्यांना कोणी विचारलंच नाही.

आणि यात सगळ्यात वाईट काय असेल तर पटावरचं नाव. नाव पटावर असलं की तो मुलगा 'शाळाबाह्य' ठरत नाही. रिपोर्टमध्ये सगळं हिरवं. युनेस्कोच्या २०१९ च्या भारताविषयीच्या अहवालात २०११ च्या जनगणनेच्या आधारे म्हटलंय की ५ ते १९ वयाच्या अपंग मुलांपैकी एक-चतुर्थांश कुठल्याच शिक्षणसंस्थेत जात नाहीत. ही न जाणाऱ्यांची गोष्ट झाली. माझ्या भाच्यासारखी, जी कागदोपत्री जातात आणि प्रत्यक्षात घरी असतात, ती यात कुठे धरायची?

"अहो पण हे जमणार कसं?" असं विचारणारे असतीलच. त्यांना मी हिंजवडीला बोलावतो. संध्याकाळी सहा वाजता कुठल्याही मोठ्या कंपनीच्या गेटवर उभे राहा. शेकडो गाड्या. कोणाला कुठून घ्यायचं, कोणाला कुठे सोडायचं, कोणता रूट, कोणाची शिफ्ट बदलली, सगळं सॉफ्टवेअरमध्ये. रात्री मुलगी शेवटी उतरणार असेल तर गाडीत गार्ड. बावीस वर्षांच्या, धडधाकट, पगारदार माणसाला दारातून उचलून दारात सोडायची व्यवस्था आपण रोज चालवतो. यात तंत्रज्ञान म्हणून अवघड असं काही उरलेलं नाही.

आणि तो गार्ड आपोआप नाही आला. २००७ साली पुण्यात एका बीपीओत काम करणाऱ्या तरुणीची रात्रपाळीला जाताना कंपनीच्या कॅबचा ड्रायव्हर आणि त्याच्या साथीदाराने हत्या केली. मृतदेह गहुंज्याला सापडला. गहुंजे म्हणजे मावळ तालुकाच. त्यानंतर पुण्यातल्या कंपन्यांनी कॅबचे नियम कडक केले. तोवर काळजी घ्यावी असं सगळ्यांनाच वाटत होतं, पण ते कोणाचं ठरलेलं काम नव्हतं. ते ठरवून घ्यायला एक जीव जावा लागला. शाळेच्या गाडीसाठी आपण कशाची वाट बघतोय?

मी काही वर्षं ऑनसाईट न्यू जर्सीत होतो. तिथलं सगळं ग्रेट असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. त्यांच्या हॉस्पिटलच्या बिलांवर वेगळा लेख होईल. पण आमच्या बिल्डिंगसमोर रोज सकाळी एक छोटी पिवळी बस थांबायची. मागचं दार उघडायचं, लिफ्ट खाली यायची, समोरच्या घरातला मुलगा व्हीलचेअरसकट वर जायचा, मदतनीस पट्टे लावायची, बस निघायची. बर्फ असला तरी. मला तेव्हा वाटलं, श्रीमंत देश, करतात. नंतर कळलं की १९७५ च्या त्यांच्या कायद्यातच वाहतूक ही शिक्षणाला जोडलेली सेवा म्हणून लिहिलेली आहे. मुलाला शाळेत पोचवणं हा शिकवण्याचाच भाग. इंग्लंडमध्ये १९९६ च्या शिक्षण कायद्यात अशी तरतूद आहे की अपंगत्वामुळे मूल चालत शाळेत जाऊ शकत नसेल तर अंतर कितीही कमी असलं तरी मोफत वाहतूक मिळते. हे 'अंतर कितीही कमी असलं तरी' महत्त्वाचं. आपल्याकडे शिक्षण हक्काच्या नियमांत शाळा १ किलोमीटरवर, वरच्या वर्गांना ३ किलोमीटरवर हवी असं आहे. हे आकडे चालणाऱ्या पायांचे आहेत. भाचेबुवांना सातशे मीटर आणि सात किलोमीटर सारखेच.

म्हणूनच कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायची चर्चा २०२३ पासून सुरू झाली, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. एकत्र शाळेत शिक्षक जास्त, सोयी जास्त, हे मान्य. पण ज्यांची जवळची शाळा गेली त्यांच्यासाठी येणाऱ्या बसला रॅम्प असेल का, हे आधी लिहून घ्यायला हवं.

दुसरा आक्षेप असा की "अशी मुलं असतात किती?" थोडी असतात. मग गाड्याही थोड्याच लागतील ना! मावळचा नकाशा काढून बघा. नाणे मावळ, पवन मावळ, आंदर मावळ. कामशेतहून जांभवलीकडे जाणारा एक रस्ता, कामशेतहूनच पवनानगरकडे जाणारा दुसरा, आणि कान्ह्याहून टाकव्यावरून खांडीकडे जाणारा तिसरा. सुरुवातीला तीन खोऱ्यांना तीन छोट्या गाड्या. मागून रॅम्प, खुर्ची जमिनीला बांधायचे पट्टे, एक ड्रायव्हर, एक मदतनीस ताई. गावोगावच्या मुलांची यादी पंचायत समितीकडे असतेच, कारण भत्ता त्याच यादीवरून जातो. रूट मी रविवारी दुपारी बसून काढून देतो, फुकट.

तिसरा आक्षेप, "निवासी विशेष शाळेत टाका." काही मुलांना तिथे खरंच चांगलं शिकता येतं, विशेषतः सांकेतिक भाषा किंवा ब्रेल लागणाऱ्यांना. पण ज्या मुलाचं फक्त सहा किलोमीटरचं अडलंय, त्याने त्यासाठी अकराव्या वर्षी आई सोडायची? गाडीचा खर्च वाचवायला घर तोडायचं, हा कुठला हिशेब?

राहिला पैसा. ग्रामपंचायतीपासून नगरपरिषदेपर्यंत सगळ्या स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावेत, असा राज्य सरकारचा आदेश आहे. बऱ्याच ठिकाणी ते वर्षाअखेरीला वस्तूवाटपात किंवा खात्यात थोडे थोडे पैसे टाकण्यात संपतात. पुन्हा तोच 'किंवा'. एका ग्रामपंचायतीच्या ५ टक्क्यांत गाडी येणार नाही, हे कबूल. पण एका खोऱ्यातल्या सगळ्या ग्रामपंचायतींनी मिळून? आणि या तालुक्यात वीकेंडच्या बंगल्यांची घरपट्टी भरणाऱ्या ग्रामपंचायती काही कमी नाहीत.

शिवाय आपल्या कंपन्यांचा सीएसआर आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठराविक नफ्याच्या वरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के द्यावे लागतात, आणि कोणत्या कामांवर द्यायचे त्या यादीत विशेष शिक्षणाचं नाव स्पष्ट आहे. मीही कंपनीच्या टी-शर्टवर जाऊन एका शाळेची भिंत रंगवून आलोय. सूर्य, फुलपाखरू, ए टू झेड. फोटो छान आले. त्या शाळेत किती मुलं पोचतच नाहीत, हे मी तेव्हा विचारलं नाही. आता लाज वाटते.

तर वाचून 'अरेरे' म्हणू नका. तीन कामं सांगतो, एक तरी करा. तुमच्या मुलाच्या शाळेत परिवहन समिती असणं २०११ च्या राज्याच्या स्कूल बस नियमांनुसार बंधनकारक आहे. तिच्या पुढच्या बैठकीत विचारा, "आपल्या गाडीत व्हीलचेअरवरचं मूल येऊ शकतं का?" उत्तर 'तसं मूल आपल्याकडे नाही' असं आलं, तर का नाही तेही विचारा. दुसरं, कंपनीच्या सीएसआरवाल्यांना भिंतीऐवजी गाडी सुचवा, आणि गाडी देऊन फोटो काढून मोकळं न होता पाच वर्षांचा ड्रायव्हर, डिझेल आणि मदतनीस त्यात धरा. तिसरं, तुमच्या ओळखीत असं पटावरचं आणि घरातलं मूल असेल तर पालकांना लेखी अर्ज करायला मदत करा. अर्जात कलम १६ लिहा आणि स्वच्छ लिहा की भत्ता नको, गाडी हवी. उत्तर नाही आलं तर दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय पुण्यातच आहे, आणि हक्क डावलल्याची चौकशी करायचा अधिकार कायद्याने त्यांना दिलाय.

आमचा अर्ज गेलाय. ताईने स्वतःच्या अक्षरात लिहिला, मी फक्त कलमांचे आकडे सांगितले. शेवटची ओळ भाचेबुवांनी घालायला लावली: 'मला पाचवीच्या वर्गात बसायचे आहे.' ताई म्हणाली, "असं लिहित्यात व्हय अर्जात?" म्हटलं, लिही. अख्ख्या अर्जात 'किंवा' नसलेलं ते एकच वाक्य आहे.

तुम्ही या शनिवारी लोणावळ्याला निघाला असाल तर जरूर जा. कणीस खा. फक्त कामशेत गेलं की एकदा उजवीकडच्या डोंगरांकडे बघा. तिकडे आत एक मुलगा शून्याने भागल्यावर काय होतं ते विचारत बसलाय, आणि त्याला उत्तर द्यायला वर्गात बाई आहेत. मध्ये फक्त सहा किलोमीटर आहेत.